सायकलस्वाराच्या पायांचे बळ : गिअर, पायगती आणि प्रशिक्षण
(नाशिक परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

सारांश

सायकलने चढ चढण्यासाठी पायांत मोठी ताकद असावी लागते आणि ती जड गिअर ओढून मिळते, असा समज क्रीडाक्षेत्रात व सर्वसामान्यांत रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची भौतिकशास्त्र व शरीरक्रियाशास्त्र यांच्या आधारे तपासणी केली आहे. योग्य गिअर असल्यास चढावर लागणारे बल निरोगी व्यक्तीच्या आवाक्यात असते. कस लागतो तो हजारो वेळा तेच बल लावण्याच्या स्नायूंच्या क्षमतेचा, हे येथे गणिताने दाखविले आहे. त्या अनुषंगाने प्रशिक्षणाची आखणी, तसेच एकाच गिअरची सायकल वापरणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी एक अल्पखर्चिक उपाय सुचविला आहे.

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत नाशिक हे महाराष्ट्रातील सायकलिंगचे एक महत्त्वाचे केंद्र म्हणून पुढे आले आहे. जून २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघाने पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर संघाला नऊ दिवसांच्या मुदतीत कापावे लागते. त्यानंतर २०१७ मध्ये, त्या काळी नाशिक येथे नेमणुकीस असलेले लष्करी वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी हीच स्पर्धा एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीही ती एकट्याने पूर्ण केली.

या यशामुळे महाविद्यालयीन युवक-युवतींमध्ये सायकलिंगविषयी आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. मात्र उत्साहाबरोबर काही गैरसमजही येतात. ‘जड गिअरवर चढ चढला तोच खरा’, ‘हलका गिअर कमजोर पायांसाठी’ अशी भाषा नवशिक्यांमध्ये सहज रुजते. त्याचे पर्यवसान गुडघेदुखीत होते, आणि ज्यांना पहिल्याच चढावर दम लागतो ते विद्यार्थी, विशेषतः विद्यार्थिनी, ‘आपल्या पायांत ताकदच नाही’ असा निष्कर्ष काढून सायकल सोडून देतात. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. तो का चुकीचा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. बल आणि शक्ती यांतील भेद

दैनंदिन मराठीत बळ, ताकद, शक्ती, जोर हे शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरले जातात. विज्ञानाच्या परिभाषेत मात्र बल आणि शक्ती या दोन वेगळ्या राशी आहेत. पायडलवर पाय किती जोराने दाबला जातो ते बल. एका सेकंदात किती कार्य होते ती शक्ती. शक्ती ही बल आणि वेग यांच्या गुणाकाराने ठरते. म्हणजेच ठरावीक शक्ती दोन मार्गांनी निर्माण करता येते : मोठे बल सावकाश लावून किंवा लहान बल भरभर लावून. सायकलच्या गिअरचे सारे प्रयोजन या एका विधानात सामावलेले आहे.

गिअर बदलल्याने कार्य कमी होत नाही, हेही लक्षात घ्यावयास हवे. कसारा ते इगतपुरी या टप्प्यात सुमारे ३०० मीटर उंची गाठावी लागते. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलो धरल्यास केवळ ही उंची गाठण्यासाठी सुमारे २३५ किलोज्यूल कार्य होते. मानवी शरीर सायकल चालविताना अन्नातील ऊर्जेपैकी साधारणपणे पाचव्या ते चौथ्या भागाइतकीच ऊर्जा यांत्रिक कार्यात रूपांतरित करू शकते. त्यामुळे या चढासाठी शरीराला सुमारे २५० किलोकॅलरी खर्च कराव्या लागतात. गिअर कोणताही असो, हा हिशेब साधारण तोच राहतो. गिअर ठरवितो ते इतकेच की, हे कार्य किती हप्त्यांत फेडावयाचे.

याच घाटाने रेल्वेलाही हा धडा दिला आहे. थळ घाटातील लोहमार्गाचा चढ ३७ मीटरला १ मीटर, म्हणजे सुमारे २.७ टक्के आहे. तो चढण्यासाठी कसारा येथे गाडीला मागून अधिकची इंजिने जोडण्याची पद्धत पडली. प्रवासी त्यांना ‘बँकर’ म्हणून ओळखतात. कमी पडणारे बल तेथे जादा इंजिने पुरवितात. सायकलस्वाराला मागून कोणी ढकलत नाही. त्याच्यासाठी तेच काम गिअर करतो.

२. गिअरची रचना व तिचा अल्प इतिहास

पायडलला जोडलेल्या पुढील चक्राचे दाते आणि मागील चाकावरील चक्राचे दाते यांच्या गुणोत्तरास गिअरचे गुणोत्तर म्हणतात. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पायडलच्या एका आवर्तनात मागील चाक २.४४ वेळा फिरते. या गुणोत्तरास चाकाच्या परिघाने गुणले असता पायडलच्या एका आवर्तनात सायकल किती पुढे जाते ते कळते. या अंतरास प्रस्तुत लेखात ‘पल्ला’ म्हटले आहे. तसेच दर मिनिटास पायडलची जितकी आवर्तने होतात तिला ‘पायगती’ अशी संज्ञा वापरली आहे. पल्ला मोठा तर गिअर जड. पल्ला लहान तर गिअर हलका.

हलक्या गिअरकडे कमीपणाने पाहण्याची वृत्ती नवी नाही. फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नावर मोठा वाद झाला. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे पॉल द विवी हे बदलत्या गिअरचे पुरस्कर्ते होते. याउलट ‘टूर द फ्रान्स’ स्पर्धेचे जनक आंरी देग्रांज यांच्या मते असे गिअर वय झालेल्या माणसांसाठी ठीक होते. खऱ्या स्पर्धकाने स्नायूंच्याच जोरावर जिंकावे. १९०२ मध्ये फ्रान्समधील एका डोंगरी चाचणीत मार्थ एस या महिलेने तीन गिअरच्या सायकलवर, एकाच गिअरच्या सायकलवरील एदुआर फिशर या नामांकित स्पर्धकास मागे टाकले. तरीही टूर द फ्रान्समध्ये आधुनिक पद्धतीचे गिअर बदलण्याचे साधन वापरण्यास सर्व स्पर्धकांना मुभा मिळण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. आज त्या स्पर्धेतील अव्वल स्वारदेखील डोंगरात पूर्वीपेक्षा हलके गिअर वापरतात.

३. चढावरील गणित

विषय स्पष्ट होण्यासाठी एक उदाहरण घेता येईल. स्वाराचे वजन ७० किलो व सायकलचे १० किलो आहे. रस्त्याचा चढ ५ टक्के, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर आहे. वेग ताशी १० किलोमीटर ठेवावयाचा आहे. गुरुत्वाकर्षणाचा सुमारे ३९ न्यूटन, टायरच्या घर्षणाचा सुमारे ४ न्यूटन आणि हवेचा सुमारे २ न्यूटन विरोध धरला, तर एकूण ४५ न्यूटन बलावर मात करावी लागते. त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे १२५ वॅट होते. चाकाचा परीघ २.१ मीटर आणि क्रँकची लांबी १७० मिलिमीटर धरल्यास वेगवेगळ्या गिअरमध्ये पुढीलप्रमाणे स्थिती दिसते.

तक्ता १ : ५ टक्के चढ, ताशी १० किलोमीटर वेग

(अ) पुढे ४४, मागे १८ दाते : पल्ला ५.१३ मीटर, पायगती सुमारे ३२, पायडलवरील सरासरी बल सुमारे २२ किलो वजनाइतके.
(आ) पुढे ३४, मागे २१ दाते : पल्ला ३.४० मीटर; पायगती सुमारे ४९; सरासरी बल सुमारे १४.६ किलो.
(इ) पुढे ३४, मागे २८ दाते : पल्ला २.५५ मीटर, पायगती सुमारे ६५, सरासरी बल सुमारे ११ किलो.
(ई) पुढे ३४, मागे ३४ दाते : पल्ला २.१० मीटर, पायगती सुमारे ७९, सरासरी बल सुमारे ९ किलो.

चारही ओळींत शक्ती तीच, म्हणजे १२५ वॅट आहे. वेगही तोच आहे. बदलते ते केवळ बल आणि आवर्तनांची संख्या. पायडल वरच्या व खालच्या टोकाला असताना बल फारसे लागू होत नाही. त्यामुळे क्रँक आडवा असताना लागणारे कमाल बल सरासरीच्या दीडपट ते दुपटीपर्यंत जाते. म्हणजे (अ) मध्ये ते ३३ ते ४४ किलो आणि (इ) मध्ये १७ ते २२ किलो होईल.

आता या आकड्यांची तुलना जिन्याशी करावी. जिना चढताना प्रत्येक पायरीवर एका पायाला संपूर्ण शरीराचे, या उदाहरणात ७० किलो वजन उचलावे लागते. जी व्यक्ती महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर विनासायास जाते, तिच्या पायांत ५ टक्के चढ चढण्यास पुरेसे बल आहे; किंबहुना योग्य गिअरवर त्या बलाचा तिसरा हिस्साही लागत नाही. तरीही घाटात पाय भरून येतात, कारण जिन्याच्या पायऱ्या चाळीस-पन्नास असतात आणि पायडलची आवर्तने एका तासात (इ) प्रमाणे ३,९०० होतात. एकट्याने ४,८०० किलोमीटर कापणाऱ्या स्वाराचा सरासरी पल्ला पाच मीटर धरला तर आवर्तनांची संख्या ९ लाख ६० हजारांवर जाते. उतारावर पाय थांबतात तो भाग वजा केला तरी ती लाखांतच राहते. म्हणून सायकलस्वाराच्या संदर्भात ‘पायांचे बळ’ या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ न थकता पुनरावृत्ती करण्याची क्षमता असा घ्यावयास हवा.

४. स्नायूंचे कार्य व पायगती

मांडीचे पुढील व मागील स्नायू, नितंबाचे स्नायू आणि पोटरी हे सायकल चालविताना प्रामुख्याने काम करतात. या स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. मंद तंतू कमी बल निर्माण करतात, परंतु प्राणवायूच्या साहाय्याने दीर्घकाळ काम करू शकतात. जलद तंतू मोठे बल निर्माण करतात; मात्र ते लवकर थकतात व स्नायूंत साठविलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगाने संपवितात. शरीर आधी मंद तंतूंना कामास लावते आणि बलाची मागणी वाढत जाईल तसतसे जलद तंतूंना बोलाविते.

यावरून जड गिअरची किंमत लक्षात येते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सायकलस्वारांना शरीरावर सारखाच ताण येईल अशा रीतीने दर मिनिटास ५० आणि १०० या दोन पायगतींवर सायकल चालविण्यास सांगण्यात आले. कमी पायगतीवर जलद तंतूंतील ग्लायकोजेन अधिक प्रमाणात खर्च झाल्याचे आढळले. जड गिअरवर घाटाचा पहिला भाग दिमाखात चढलेला स्वार शेवटच्या वळणांवर अचानक गळून जातो, त्यामागील एक कारण हेच आहे.

याला दुसरी बाजूही आहे. केवळ प्राणवायूच्या खर्चाचा विचार केला तर दर मिनिटास ५० ते ६० इतकी कमी पायगती अनेकदा काटकसरीची ठरते. अतिशय भरभर पाय फिरविण्यात पायांचे स्वतःचे वजन हलविण्यासाठीही ऊर्जा जाते आणि हृदय व श्वसन यांवरील भार वाढतो. म्हणून पायगती जितकी जास्त तितकी चांगली, असेही म्हणता येत नाही. अनुभवी स्वार सपाटीवर बहुधा ८० ते १०० आणि चढावर ६० ते ८० या मर्यादेत राहतात. भार स्नायूंवर किती टाकावयाचा आणि हृदय-फुप्फुसांवर किती, यांचा तोल साधणे हे गिअर निवडीचे सूत्र होय.

५. जड गिअरच्या सरावाविषयी संशोधन

जड गिअरवर मुद्दाम कमी पायगतीने सराव केल्यास पायांचे बळ वाढते काय? या प्रश्नावर संशोधनाचे उत्तर संमिश्र आहे. न्यूझीलंडमधील पेटन, हॉपकिन्स व कुक यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमी पायगतीच्या तीव्र सरावाचा लाभ जास्त पायगतीच्या सरावापेक्षा अधिक दिसला. मात्र त्या सरावास उड्यांच्या व्यायामाची जोड होती आणि पायगती ६० ते ७० इतकी होती. नॉर्वेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात प्रौढ, अनुभवी स्वारांनी बारा आठवडे दर मिनिटास ४० इतक्या पायगतीने मध्यम तीव्रतेचा सराव केला. त्यांच्या कामगिरीत सुधारणा आढळली नाही.

तक्ता १ कडे पाहिले असता हे समजण्यासारखे आहे. जड गिअरवरही पायडलवरील कमाल बल ४०-४५ किलोच्या आसपास राहते. स्नायूंची कमाल ताकद वाढविण्यासाठी हे बल अपुरे आहे, आणि हजारो वेळा लावण्यासाठी ते गुडघ्यास अधिक आहे. सीट खाली असल्यास गुडघा जास्त वाकलेल्या अवस्थेत जोर लावावा लागतो व गुडघ्याच्या वाटीमागील दाब आणखी वाढतो. पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा बाक राहील इतकी सीट उंच असावी. गुडघेदुखीच्या अनेक तक्रारी सीटची उंची आणि गिअर या दोन गोष्टी सुधारल्याने कमी होऊ शकतात.

६. ताकदीचे व्यायाम

याचा अर्थ स्नायूंची ताकद निरुपयोगी आहे असा नव्हे. नॉर्वेतील बेंट रोनेस्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्वारांच्या एका गटाने नेहमीच्या सायकलिंगला बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पायांच्या जड वजनाच्या व्यायामाची जोड दिली. त्यानंतर १८५ मिनिटे सायकल चालवून झाल्यावर शेवटच्या ५ मिनिटांत पूर्ण जोर लावण्यास सांगितले असता या गटाची कामगिरी सुमारे ७ टक्क्यांनी सुधारली. केवळ सायकल चालविणाऱ्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. स्नायूंची कमाल ताकद वाढली की, प्रत्येक आवर्तनातील बल त्या कमाल ताकदीच्या तुलनेत लहान ठरते, मंद तंतूंवर अधिक काम निभावते आणि थकवा लांबतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

महाराष्ट्राला तालमीची परंपरा आहे. बैठकांचे मोल येथे नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र शेकडो बैठका काढल्याने सहनशक्ती वाढते, तर खांद्यावर वजन घेऊन काढलेल्या पाच ते दहा बैठकांच्या तीन-चार फेऱ्यांनी कमाल ताकद वाढते, हा भेद ध्यानी घ्यावा. सायकल स्वतःच सहनशक्तीचा भरपूर व्यायाम देते. जी उणीव राहते ती दुसऱ्या प्रकाराने भरून निघते. अर्थात पहिले काही आठवडे केवळ योग्य पद्धत शिकण्यासाठी, हलक्या वजनाने आणि जाणकाराच्या देखरेखीखाली द्यावेत.

७. नाशिक परिसरातील प्रशिक्षणाची आखणी

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवरील नाशिकच्या भोवती सपाटी, चढउतार आणि घाट या तिन्ही प्रकारचे रस्ते उपलब्ध आहेत. त्यांचा क्रमाने उपयोग करून बारा आठवड्यांची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पहिला टप्पा (आठवडे १ ते ४) : आठवड्यातून तीन दिवस शहरालगतच्या सपाट रस्त्यांवर ४५ ते ९० मिनिटे सायकल चालवावी. गिअर हलका ठेवून पायगती ८० ते ९० राखावी. उपकरण नसल्यास १५ सेकंदांत उजवा पाय किती वेळा खाली येतो ते मोजून चारने गुणावे. बोलता येईल इतपतच दम लागावा.

दुसरा टप्पा (आठवडे ५ ते ८) : सुमारे ३० किलोमीटर अंतरावरील त्र्यंबकेश्वरचा रस्ता यासाठी उपयुक्त आहे. आठवड्यातून एकदा सौम्य चढावर ५ ते ८ मिनिटांचे चार-पाच जोरकस टप्पे, पायगती ६० ते ७०, आणि मध्ये तितकीच विश्रांती असा क्रम ठेवावा. गुडघ्यात वेदना जाणवल्यास गिअर तत्काळ हलका करावा. या टप्प्यापासून आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायाम सुरू करावेत.

तिसरा टप्पा (आठवडे ९ ते १२) : नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा सुमारे १० किलोमीटरचा घाट सलग चढाचा कस पाहणारा आहे. सुरुवातीचा तिसरा हिस्सा मुद्दाम सर्वांत हलक्या गिअरवर चढावा आणि पुढे जमेल तसा वेग वाढवावा. चैत्र व नवरात्रातील यात्रेच्या काळात हा रस्ता टाळावा. कसारा घाट राष्ट्रीय महामार्गावर असल्याने तेथील अवजड वाहतूक पाहता नवशिक्यांनी तेथे सराव करू नये. पावसाळ्यात घाटातील ओले उतार विशेष धोक्याचे असतात.

प्रगती मोजण्यासाठी एक ठरलेला चढ निवडून त्याच गिअरवर लागणारा वेळ व माथ्यावरील नाडीचे ठोके दर तीन आठवड्यांनी नोंदवावेत. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा जुनी दुखापत असणाऱ्यांनी आरंभापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे.

८. एकाच गिअरची सायकल आणि विद्यार्थी

वरील विवेचन गिअरच्या सायकलींपुरतेच मर्यादित मानले तर विषयाचा महत्त्वाचा भाग निसटतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील अनेक विद्यार्थी-विद्यार्थिनी एकाच गिअरच्या, वजनाने जड असलेल्या साध्या सायकलीवर शाळा-महाविद्यालय गाठतात. अशा सायकलीचा पल्ला पाच मीटरहून अधिक असतो आणि तो प्रामुख्याने सपाट रस्त्यास योग्य आहे. पन्नास किलो वजनाच्या विद्यार्थिनीस वीस किलोची अशी सायकल ५ टक्के चढावर न्यावयाची असेल, तर पायडलवरील कमाल बल तिच्या वजनाच्या अर्ध्याहून अधिक होते. ती उतरून सायकल ढकलत चालू लागते, याचे कारण सायकलीच्या चक्रात आहे. तिच्या पायांत नाही.

यावर उपाय साधा आहे. मागील १८ दात्यांचे फ्रीव्हील काढून २२ दात्यांचे बसविल्यास त्याच चढावर लागणारे बल सुमारे १८ टक्क्यांनी कमी होते. साखळीला एखादी-दुसरी कडी वाढवावी लागते व चाक पुन्हा ओढून बसवावे लागते. हे काम गावातील सायकल दुरुस्तीच्या दुकानात होऊ शकते. सपाटीवर कमाल वेग थोडा घटतो. परंतु चढावर उतरावे लागत नसल्याने एकूण वेळेची बचत होऊ शकते. महाविद्यालयांचे शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना असा उपक्रम सहज हाती घेता येईल. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तोच प्रात्यक्षिकाचा उत्तम विषय ठरेल.

निष्कर्ष

१. योग्य गिअर असल्यास चढावर लागणारे बल जिना चढण्यास लागणाऱ्या बलापेक्षा कितीतरी कमी असते. मर्यादा पडते ती पुनरावृत्तीच्या क्षमतेची.
२. गिअर कार्य कमी करीत नाही. तो तेच कार्य लहान हप्त्यांत विभागतो आणि स्नायूंतील शर्करेचा साठा टिकवितो.
३. अतिशय कमी पायगतीने जड गिअर ओढण्याचा सराव लाभदायक असल्याचा पुरावा संमिश्र आहे, गुडघ्यावरील भार मात्र निश्चित आहे.
४. ताकद वाढवावयाची असल्यास ती वजनाच्या व्यायामाने वाढवावी आणि सायकलवर सहनशक्ती कमवावी.
५. एकाच गिअरच्या सायकलीतही फ्रीव्हील बदलून चढ सुकर करता येतो.

एखादा विद्यार्थी चढावर थांबला तर शिक्षकाने त्याच्या पायांविषयी मत बनविण्यापूर्वी त्याच्या सायकलीचे दाते मोजावेत. पायांचे बळ हळूहळू, महिन्यांच्या सरावाने वाढते. योग्य गिअर मात्र त्याच दिवशी मिळू शकतो, आणि त्यामुळेच पुढील सरावाची वाट खुली राहते.